नागपूरचा चंद्र

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे निघालात?' असं विचारू नये, असा आमच्या घरात कडक दंडक होता. विचारलं की काम होत नाही, अशी समजूत. आमचे वडील पायांत चपला सरकवत असताना कुणी चुकून 'कुठे?' म्हणालं, की ते चपला काढून पुन्हा घरात येत, तांब्याभर पाणी पीत, पाच मिनिटं खुर्चीत बसत आणि मग निघत. एवढं करूनही काम झालं नाही, तर त्याचा दोष विचारणाऱ्याच्या नावावर जमा होई. कचेरीतलं वडिलांचं एकही काम पहिल्या खेपेत झालेलं मला आठवत नाही. त्या अर्थी आमच्या घरात कुणी ना कुणी सतत 'कुठे?' विचारत असलं पाहिजे.

अर्थात विचारलं नाही म्हणून कुणाचं काही अडत होतं, असंही नाही. आम्ही तेव्हा पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. सोळा बिऱ्हाडं, दोन नळ आणि शंभरावर डोळे. 'कुठे' हा शब्द तोंडातून न काढता समोरच्याचा ठावठिकाणा काढून घेण्याची कला तिथे फार वरच्या पायरीला पोचली होती. "काय, निघाली वाटतं स्वारी?" "अरे वा, आज इस्त्रीचा शर्ट!" "पिशवी नाही घेतलीत?" एवढ्या तीन वाक्यांत माणूस मंडईत चाललाय, लग्नाला चाललाय की उधारी चुकवायला चाललाय, ते ओट्यावर बसल्या बसल्या कळे. १९६८ साली मी 'लायब्ररीत जातो' असं सांगून आप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजला मॅटिनीला गेलो होतो. मध्यंतर व्हायच्या आत ती बातमी वाड्यात पोचली आणि सिनेमा सुटायच्या आत वडिलांपर्यंत. घरी आलो तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता एवढंच विचारलं,

"पुस्तक मिळालं का?"

अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाला वयाच्या सत्तरीनंतर एक यंत्र सरळ तोंडावर 'तुम्ही कुठे आहात?' असं विचारू लागलं, तर त्याने गोंधळून जाऊ नये तर काय करावं?

झालं असं, की आमच्या कुकरची रबरी रिंग सैल झाली. ती कुठे मिळेल ते मी मोबाइलवर शोधत होतो. एका दुकानाचं पान उघडलं आणि रिंग दिसायच्या आधी मध्ये एक चौकट उभी राहिली : अमुक अमुक संकेतस्थळ तुमचे स्थान जाणून घेऊ इच्छिते. मुलाने मोबाइल देताना त्यात मराठी घालून दिलं होतं, त्यामुळे मला शब्द समजले. अर्थ कळला नाही. 'स्थान' म्हटल्यावर मला आधी पत्रिकाच आठवली. आमच्या लग्नाच्या वेळी ज्योतिषीबुवांनी माझ्या सप्तमस्थानाकडे पाहून बराच वेळ मान हलवली होती. रिंग विकणाऱ्याला ते काय करायचंय? समाजातलं स्थान विचारत असतील, तर बँकेतला निवृत्त अधिकारी. घरातलं स्थान विचारत असतील, तर ते हिलाच विचारावं लागेल.

चौकटीखाली दोन पर्याय होते. एक, अनुमती द्या. दुसरा, ब्लॉक करा. आता 'ब्लॉक' हा शब्द पाहा. कुणाच्या तोंडावर दार आपटल्यासारखा वाटतो. बिचारा रिंगवाला अदबीने विचारतोय, 'इच्छितो' म्हणतोय, आणि आपण एकदम ब्लॉक? शिवाय मी छत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या अर्जांना 'नाही' म्हणत आलेला माणूस. निवृत्तीनंतर तरी कुणाला 'हो' म्हणावं, ही इच्छा मनात दबून राहिलेली. मी अनुमती दिली.

मग मला त्याची चटकच लागली. बातम्या वाचायला गेलं की कुणीतरी माझं स्थान विचारी, मी देई. हवामान पाहायला गेलं, दिलं. गादीवाल्याने विचारलं, दिलं. केस वाढवणाऱ्या तेलाच्या पानाने विचारलं, त्यालाही दिलं. वास्तविक मी कुठे आहे यापेक्षा माझे केस कुठे आहेत, हे त्याने विचारायला हवं होतं.

मे महिन्याच्या सुटीत नात बंगळुरूहून आली. तिने सहज माझा मोबाइल हातात घेतला, ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली, 'सेटिंग्ज'मध्ये शिरली, तिथून 'साइट सेटिंग्ज', तिथून 'स्थान', आणि एकदम ओरडली,

"आजोबा! तुम्ही एकसष्ट जणांना सांगून ठेवलंय तुम्ही कुठे असता ते!"

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच, एकाखाली एक एकसष्ट नावं. माझ्या एकसष्टीला हॉल घेऊन, बासुंदीचं जेवण ठेवूनसुद्धा एवढी माणसं आली नव्हती.

"म्हणजे हे सगळे दिवसभर माझ्या मागे मागे हिंडतात?"

"नाही हो. यांचं पान तुम्ही उघडलंत, तेवढ्यापुरतंच त्यांना कळतं. पण ज्याला नेहमीसाठी अनुमती दिलीय तो पुढच्या वेळी विचारणारच नाही. परस्पर बघून घेईल."

म्हणजे एकदा घरी चहाला बोलावलेला माणूस पुढच्या खेपेला बेल न वाजवता सरळ स्वयंपाकघरात येणार. असे लोक आमच्या वाड्यात होते. पण ते निदान येताना वाटीभर काहीतरी घेऊन येत.

मी विचारलं, "पण त्यांना हे कळतं कसं? वर उपग्रह बसून माझ्यावर पाळत ठेवतो म्हण की."

"उपग्रहाला तुम्ही कोण, हे ठाऊकसुद्धा नसतं," नात म्हणाली आणि तिने मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं. पूर्वी गावात ठरावीक वेळेला भोंगा होई. भोंगा आपला ओरडून मोकळा. तो ऐकून कुणी घड्याळ लावलं, कुणी भात टाकला, याची भोंग्याला गंधवार्ता नसे. जीपीएसचे उपग्रह म्हणजे असेच भोंगे. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरताहेत आणि सारखे ओरडताहेत : मी इथे आहे, आता इतके वाजलेत. आपला मोबाइल निदान चार भोंगे ऐकतो, कुठला किती उशिरा ऐकू आला याचा हिशेब करतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो. घराच्या आत, जिथे भोंगा नीट ऐकू येत नाही, तिथे तो आसपासच्या मोबाइल टॉवरांवरून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायवरून अंदाज बांधतो. म्हणजे ही पुण्याचीच जुनी पद्धत झाली! आमच्या वाड्याचा पत्ता घर नंबराने कुणाला कधी सापडला नाही. 'दत्ताच्या देवळासमोर, पिठाच्या गिरणीशेजारी' असं सांगितलं की माणूस बरोबर दारात हजर.

तर फितूर कोण? आकाशातला उपग्रह नव्हे, आपल्याच खिशातला मोबाइल. मात्र संकेतस्थळाने विचारलं म्हणून ब्राउझर लगेच बोलत नाही. जगभरच्या ब्राउझरांसाठी २०१३ साली जे मानक पक्कं झालं, त्यातच असं घातलेलं आहे की मालकाला विचारल्याशिवाय त्याचा ठावठिकाणा द्यायचा नाही. क्रोमने तर २०१६ पासून आणखी एक पथ्य पाळलंय. ज्या संकेतस्थळाची वाट सुरक्षित नाही, म्हणजे ज्याचा पत्ता नुसता 'एचटीटीपी'ने सुरू होतो, त्याला स्थान द्यायचंच नाही. म्हणजे व्यवस्था चोख होती. द्वारपाल दर वेळी आत येऊन विचारत होता, 'महाराज, पाठवू का?' आणि महाराज दर वेळी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होते.

नातीने मला एकेक नाव कसं काढायचं ते दाखवलं. तीन नावं माझ्याकडून काढूनही घेतली. मग तिची सुटी संपली आणि ती गेली. माझ्याकडे अठ्ठावन्न नावं शिल्लक राहिली.

त्याच सुमारास माझ्या वाचनात न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामींची हकीकत आली. हे कर्नाटक उच्च न्यायालयातले निवृत्त न्यायाधीश. आधारच्या प्रकरणात २०१२ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचं वय होतं ८६. त्यांच्या याचिकेमुळेच २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हे वाचून माझी मान शरमेने खाली गेली. शहाऐंशीव्या वर्षी एक माणूस देशासाठी कोर्टाची पायरी चढतो, आणि मी चौऱ्याहत्तरीत एका रबरी रिंगेच्या बदल्यात मूलभूत हक्क देऊन बसतो!

घटनेने दिलेला हक्क बजावायचा तर पुरता बजावावा. पण अठ्ठावन्न नावं एकेक करून काढण्याइतका माझा घटनेवर विश्वास असला, तरी तेवढा डोळ्यांवर नव्हता. तेव्हा मी सोपा मार्ग काढला. मोबाइलच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की जी चित्रं येतात, त्यांत स्थानाचं एक चित्र असतं. ते मी विझवून टाकलं. एक नळ गळत होता म्हणून गच्चीवरच्या टाकीची मुख्य चावी बंद केली, म्हणा ना. त्या रात्री मला फार शांत झोप लागली. मी कुठे आहे हे जगात फक्त हिला आणि मला ठाऊक होतं.

पुढे श्रावण आला आणि श्रावणातली संकष्टी आली. आमची ही संकष्टीचा उपास करते. दिवसभर साबुदाणासुद्धा नाही, रात्री चंद्रोदय झाला की चंद्राला ओवाळून, नैवेद्य दाखवून मगच पान. एरवी ती चंद्रोदयाची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहते. पण आमच्या घरी दिनदर्शिका वाचायला नसते, लिहायला असते. त्या दिवसाच्या चौकोनात हिनेच 'सिलिंडर आला' असं ठसठशीत लिहून वेळेवर शाई फिरवली होती. बाहेर आभाळ गच्च भरलेलं. चंद्र दिसण्याचा संभव नव्हता. सगळी मदार घड्याळावर.

"तुमच्या त्या मोबाइलात बघा हो किती वाजता आहे ते," ही म्हणाली. हिने होऊन माझ्या मोबाइलची मदत मागण्याचा हा पहिलाच प्रसंग. मी उत्साहाने एक पंचांगाचं पान उघडलं. ८ वाजून ४१ मिनिटं. मी खणखणीत आवाजात वेळ जाहीर केली. बरोबर आठ एकेचाळीसला हिने गॅलरीतून ढगांना ओवाळलं, नैवेद्य दाखवला, आणि आम्ही मोदकांसह जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "काल मेला नऊ वाजून दोन मिनिटांचा चंद्रोदय, जेवायला साडेनऊ झाले." हिच्या हातातला चमचा विरजणातच राहिला. वहिनी गेल्यावर हिने माझ्यापुढे हात केला. मी मुकाट्याने मोबाइल दिला. हिने चष्मा लावला, ते पान उघडलं, वरपासून वाचत आली आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. लिहिलं होतं, 'नागपूर'.

चंद्र काही सगळीकडे एकाच वेळी उगवत नाही. पूर्वेला आधी, पश्चिमेला नंतर. रेखांशाच्या एका अंशाला सुमारे चार मिनिटं. नागपूर आमच्यापेक्षा पाच अंशांनी पूर्वेला. म्हणजे वीसएक मिनिटांचा फरक. पंचांगाच्या पानाला माझं स्थान खरोखरच हवं होतं. एकसष्ट जणांत ज्याचा प्रश्न रास्त होता असा बहुधा तो एकटाच. पण मी टाकीची चावीच बंद केलेली. तेव्हा त्या बिचाऱ्याने आमच्या इंटरनेटच्या जोडणीवरून अंदाज केला. जोडणीला एक नंबर असतो, त्यावरून गाव ढोबळ मानाने ओळखता येतं. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पाहून पत्र कुठून आलं ते ताडावं, तसं. शिक्का पुसट निघाला. आम्ही कोथरूडमध्ये बसून नागपूरच्या चंद्रावर जेवलो.

मी हसून म्हटलं, "अगं, नागपूरचाही चंद्र तोच. वीस मिनिटांनी काय होतंय?"

ही हसली नाही. ती मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "हा उपास मी कधीपासून धरलाय, ठाऊक आहे?"

"पहिल्यापासूनच करतेस की."

"तुमची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

२०१६ सालची गोष्ट. नऊ वर्षं दर महिन्याला ही बाई माझ्या हृदयासाठी उपाशी राहत होती, आणि मी दर महिन्याला तिच्या हातचे मोदक खात होतो. मला वाटत होतं, गणपतीचं आणि तिचं काहीतरी खासगी आहे.

एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने मोबाइल घेऊन एखाद्या जाणकाराकडे धाव घेतली असती. मी शहाणा नसल्यामुळे मोबाइलवर रुसलो. चावी बंद ती बंदच राहिली.

मी रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. डॉक्टरांनी सपाटीवर चाला असं सांगितलंय; पण सपाटीवर आमच्या सोसायटीतले लोक भेटतात. दसऱ्याच्या आधीचे दिवस, पावसाने पाठ फिरवलेली आणि ऊन तापू लागलेलं. त्या दिवशी नेहमीची वाट सोडून मी खाणीच्या अंगाच्या एका पायवाटेने गेलो. बरंच चाललो असेन. एकाएकी डोळ्यांपुढे काजवे चमकले, घाम फुटला, पाय कापसाचे झाले. मी तिथेच एका दगडावर बसलो.

तेवढ्यात हिचा फोन. "अहो, साडेनऊ झाले. आहात कुठे?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला तो प्रश्न गोड वाटला.

"टेकडीवर."

"टेकडीवर कुठे?"

"एका झाडाखाली."

"कुठल्या झाडाखाली?"

मी आजूबाजूला पाहिलं. टेकडीवर झाडं पुष्कळ आहेत आणि त्यांना घर नंबर नसतात. माझ्या आवाजावरून हिला काय कळायचं ते कळलं. पलीकडून ती म्हणाली, "हलू नका. मुलगा म्हणतो तसं ते ठिकाण पाठवा मला, मी कुणालातरी घेऊन येते." मी पाठवायला गेलो. मोबाइल म्हणाला, स्थान बंद आहे. डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती. चावी बंद करायला मी शिकलो होतो. डोकं गरगरत असताना ती चालू कशी करायची, हे शिकायचं राहून गेलं होतं. खासगीपणाचा मूलभूत हक्क मी पूर्णपणे उपभोगत होतो. मी कुठे आहे हे आता हिलासुद्धा ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे मलाही नव्हतं.

त्या दगडावर मी किती वेळ बसलो कोण जाणे. मला दहा मिनिटं वाटली, ही पाऊण तास म्हणते. मग पळायचे बूट घातलेला एक मुलगा वाटेने धावत आला. मला ओलांडून चार पावलं गेला, थांबला आणि मागे वळला.

"काका, काही होतंय का? राहता कुठे?"

आणि मी एका दमात सांगून टाकलं! सोसायटीचं नाव, इमारतीचं अक्षर, फ्लॅटचा नंबर, लिफ्ट बंद असल्याची सूचना, हिचा फोन नंबर, माझा रक्तगट, स्टेंट किती आणि कुठे. जे एकसष्ट कंपन्यांपासून लपवण्यासाठी मी एवढा खटाटोप केला, ते सगळं एका अनोळखी पोराच्या पदरात अर्ध्या मिनिटात घातलं. त्याने आधी हिला फोन लावला, आम्ही नेमके कुठे आहोत ते स्वतःच्या मोबाइलवरून तिला पाठवलं, मला मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि ही येईपर्यंत शेजारच्या दगडावर बसून राहिला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

नशिबाने हृदयाचं काही नव्हतं. साखर उतरली होती, इतकंच. ही टेकडी चढून आली तेव्हा धापा टाकत होती. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण ती काही बोलली नाही. पदराने माझं कपाळ पुसलं आणि थोडा वेळ नुसतीच माझा हात धरून बसली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हिने मला एवढं घाबरवलं नव्हतं.

त्या दगडावर मला वाड्याची फार आठवण झाली. वाड्यात आमच्या हालचालींवर जी नजर असे, तिचा आम्हां पोरांना मनस्वी राग येई. मॅटिनीची बातमी फोडणाऱ्या समोरच्या काकूंना मी वर्षभर माफ केलं नव्हतं. पण एके पहाटे वडील नळावर चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यांची बादली आज अजून परत का आली नाही, हे पहिल्यांदा त्याच काकूंच्या लक्षात आलं होतं. सगळा वाडा धावला होता. माझा ठावठिकाणा ठेवणारे लोक वेळेला माझ्याकडे येणारे होते. रिंगवाल्याला माझं स्थान दिलं काय किंवा न दिलं काय, मी दगडावर बसलोय म्हणून तो टेकडी चढणार नाही. फार तर घाम पुसायचे रुमाल सवलतीत दाखवील.

दिवाळीत नात आली. या खेपेला मी वही घेऊन बसलो. तिने मला तीन नळ शिकवले. पहिली मुख्य चावी, मोबाइलची. ती चालू ठेवायची. दुसरा नळ ब्राउझरचा. मोबाइलने ब्राउझरला स्थान सांगायचं की नाही, हे ठरवणारा. तिसरी तोटी प्रत्येक संकेतस्थळाची; पत्त्याच्या डाव्या अंगाला जी खूण असते, तिच्यावर टिचकी मारली की ती उघडते आणि तिथेच मिटते. नव्याने कुणी विचारलं, तर बहुतेक वेळा तीन उत्तरं पुढे येतात : नेहमी, फक्त या वेळेपुरतं, कधीच नाही. शब्द थोडेफार बदलतात. मधलं उत्तर मला विशेष आवडलं. चहाला या, पण किल्ली मिळणार नाही. शिवाय काही ठिकाणी 'नेमकं' सांगायचं की 'अंदाजे', हेही ठरवता येतं. ही तर आपली जुनीच रीत. लग्नात भेटलेल्या लांबच्या पाहुण्याला आपण 'कोथरूडला असतो' एवढंच सांगतो. घर नंबर सांगितला की तो येतो.

मग आम्ही दोघांनी मिळून अठ्ठावन्न नावं काढली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात म्हणे असं लिहिलंय, की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. द्यायला मला प्रत्येकी एक टिचकी लागली होती. परत घ्यायला एक नात, एक वही, एक दुपार आणि तीन कप चहा लागला. केसांच्या तेलाचं नाव काढताना मात्र हात जरा अडखळला. आशा वाईट असते.

आता मी टेकडीवर जाताना ही मला 'कुठे?' विचारत नाही. सासऱ्यांचा दंडक ती अजून पाळते. ती फक्त म्हणते, "तो ठिपका चालू आहे ना?" तिच्या मोबाइलवर, मुलाने बसवून दिलेल्या नकाशात, माझा एक निळा ठिपका वेताळ टेकडीवर सरकत असतो. त्याला मी नेहमीची अनुमती दिलीय. दोनदा तो ठिपका टेकडीऐवजी मिसळीच्या दुकानात बराच वेळ थांबलेला आढळला. घरी आल्यावर तिने पोळ्या लाटता लाटता एवढंच विचारलं,

"दम लागला होता का?"

परवा पुन्हा संकष्टी होती. मी पंचांगाचं पान उघडलं. त्याने अदबीने स्थान विचारलं. मी 'फक्त या वेळेपुरतं'वर टिचकी मारली, वरची बारीक अक्षरं दोनदा वाचली, 'पुणे' असल्याची खात्री केली आणि मगच वेळ सांगितली. तरीही आम्ही दोघं गच्चीवर गेलो. आभाळ स्वच्छ होतं. सांगितलेल्या वेळेला समोरच्या इमारतीच्या टाकीमागून तांबूस चंद्र हळूहळू वर आला. मी बोटाने तो हिला दाखवला.

हिने निरांजन उचललं, मग हात मध्येच थांबवला आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"पुण्याचाच ना?"